अप्पासाहेब भोसले : तहात अडकलेला राजा

पांढुर्णा-सौंसरचा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. दुसऱ्या रघुजींनी इंग्रजांची तैनाती फौज अखेरपर्यंत टाळली. मार्च १८१६ मध्ये ते निवर्तले. पुत्र परसोजी दुर्बल. तेव्हा कारभार पुतणे मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब यांच्या हाती आला. दरबारातील विरोधकांपुढे आपले आसन बळकट व्हावे म्हणून त्यांनी मे महिन्यातच तोच तह स्वीकारला. फौजेचा खर्च अर्थातच राज्याच्या माथी बसला.

फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा मृत्यू झाला. त्याचा संशय अप्पासाहेबांवर आला व तो पुढेही मिटला नाही. गादी मिळाली, पण रेसिडेंट जेंकिन्सचा जाच वाढला. त्यांनी पेशव्यांकडून सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे स्वीकारली आणि नोव्हेंबरमध्ये सीताबर्डीवर लढाई जुंपली. संख्येने मोठी असूनही भोसल्यांची फौज हरली.

१८१८ मध्ये त्यांना कैद करून अलाहाबादकडे नेले जात असता, मे महिन्यात पहाऱ्यावरील शिपायांना वश करून शिपायाच्याच वेषात ते निसटले. राजवाडा ज्यांच्याकडे क्वचितच पाही, त्या महादेव डोंगरातील गोंडांनी त्यांना आसरा दिला. हर्रईचे चैनशाह त्यांत प्रमुख होते. नागपुरात मात्र जूनमध्ये रघुजींच्या अल्पवयीन दौहित्रास गादीवर बसवून जेंकिन्स स्वतः कारभार पाहू लागला.

पुढे असीरगड, लाहोर, मंडी अशी भटकंती झाली. १८४० मध्ये जोधपूर येथे अप्पासाहेबांचे निधन झाले.