खर्जाला घर देणारा कारागीर

ऑर्केस्ट्राला गेलेल्या माणसाला गायक दिसतो, लीड गिटारवाला दिसतो, ढोलकवाला तर हमखास दिसतो. बास गिटारवाला मात्र सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. चार जाड तारांचं, लांब मानेचं वाद्य गळ्यात अडकवून तो मागच्या रांगेत उभा असतो आणि त्याच्या पायाशी एक काळी पेटी असते. गाणं संपल्यावर टाळ्या त्याच्या नावानं पडत नाहीत. पण ऐन रंगात ती पेटी बंद पडू द्या! काय बिघडलं ते श्रोत्यांना सांगता येत नाही, मात्र गाण्याच्या पायाखालची जमीन सरकली एवढं प्रत्येकाला जाणवतं.

मी स्वतः बरीच वर्षं हौशी मंडळींबरोबर मागच्या रांगेतलं हे वाद्य वाजवत आलो आहे. त्यामुळे ज्या माणसानं बास गिटार घराघरांत पोहोचवली आणि तिच्यासाठी पेट्या बांधल्या, त्या लिओ फेंडरबद्दल लिहिताना माझ्याकडून थोडा पक्षपात होणार, हे वाचकांनी गृहीत धरावं. जगात त्याचं नाव आहे ते गिटारींसाठी. टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर ही नावं संगीतातलं फारसं न कळणाऱ्यांनीही ऐकलेली असतात. मला विचाराल तर त्याचं खरं शहाणपण त्याच्या पेट्यांमध्ये आहे.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर हे त्याचं पूर्ण नाव. जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. लॉस एंजेलिसच्या आग्नेयेला अ‍ॅनाहाइम आणि फुलरटन ही गावं आहेत, तिथे त्याच्या आईवडलांची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी पोराचा एक डोळा गेला आणि त्या जागी काचेचा डोळा आला. पुढे महायुद्धात सैन्यभरती टळली ती या डोळ्यामुळेच. त्याचा एक नातेवाईक मोटारींच्या विजेच्या कामाचं दुकान चालवायचा. त्या दुकानात कर्णा लावलेला, मोठ्यानं गाणारा रेडिओ लिओनं तेराव्या-चौदाव्या वर्षी ऐकला आणि त्या आवाजानं त्याला जे धरलं ते कायमचं. घरी येऊन तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करू लागला.

गंमत अशी, की शिक्षण घेतलं ते हिशेबनीसाचं. बर्फाच्या कंपनीत, मग सरकारी रस्ते खात्यात त्यानं जमाखर्च लिहिला. १९३४ साली एस्थरशी लग्न झालं. महामंदीचे दिवस होते, नोकऱ्या सुटत गेल्या. शेवटी १९३८ मध्ये सहाशे डॉलर कर्ज काढून त्यानं फुलरटनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. रेडिओ, ग्रामोफोन आणि गावातल्या समारंभांना भाड्यानं देण्यासाठी लाउडस्पीकर. आपल्याकडे लग्नमंडपात वायरी ओढत फिरणारा साउंड सर्व्हिसवाला असतो ना, अगदी तसाच धंदा! माझ्या मते लिओची पुढची सगळी कर्तबगारी या काउंटरवर तयार झाली. वादक मंडळी फुटलेले स्पीकर आणि जळलेले अ‍ॅम्प्लिफायर घेऊन यायची. काय वारंवार मोडतं आणि का मोडतं, हे त्याच्याइतकं कोणत्याही इंजिनीअरनं पाहिलेलं नसेल.

त्याला गिटार वाजवता येत नव्हती. लहानपणी पियानोचे धडे झाले, थोडा सॅक्सोफोन झाला, पण गिटार तो शेवटपर्यंत शिकला नाही. मग आवाज पारखायचा कसा? तर दुसऱ्याच्या हातांनी. नवी पेटी तयार झाली की ती उचलून तो एखाद्या नाचघरात वाजवणाऱ्या वादकापुढे नेऊन ठेवायचा आणि तक्रारी ऐकून घ्यायचा. १९५३ पासून फ्रेडी टवारेस हा हवाई बेटांवरचा कसलेला वादक त्याच्या कारखान्यात मदतीला आला. लिओनं डागणी हातात घ्यायची, फ्रेडीनं वाजवायचं आणि लिओनं कान द्यायचा, असं ते जमलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या काळी खर्ज सांभाळायचं वाद्य म्हणजे माणसाएवढा उंच डबल बास. मोटारीच्या टपावर बांधून न्यायचा, आणि एवढं करून शेजारी ढोल आणि ब्रास वाजू लागले की ऐकू येणार नाही तो नाहीच. लिओनं १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणली. गळ्यात अडकवण्याजोगी, आणि पडदे बसवलेली, म्हणजे स्वर बोटाखाली नेमका सापडणारी. म्हणून तर ते नाव. (विजेवरची बास त्याच्याही आधी अमेरिकेत एकदोघांनी केली होती, पण ती रुजली नाही.) लायोनेल हॅम्प्टन यांच्या जॅझ वाद्यवृंदात मंक माँटगोमेरीच्या हाती ती दिसू लागली आणि तिच्याकडे लोकांचं लक्ष गेलं.

पण वाद्य करून भागत नव्हतं. लाकडाच्या भरीव फळीला स्वतःचा आवाज कुठला? डग्ग्याच्या पोटात हवा असते, तंबोऱ्याला भोपळा असतो. या वाद्याचा भोपळा म्हणजे ती पेटी. ती नसेल तर बास गिटार मुकीच. म्हणून १९५२ मध्ये लिओनं खास तिच्यासाठी 'बासमन' ही पेटी काढली. व्हॉल्व्हचा २५-२६ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि १५ इंची स्पीकर, दोन्ही एकाच खोक्यात. यालाच वादकांच्या भाषेत कॉम्बो म्हणतात. पेटीची मागची बाजू बंद आणि आत दोन गोल भोकं.

बंद का, हे समजून घेण्यासारखं आहे. बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते आणि तिच्या आवाजाची एक लाट सुमारे २७ फूट लांब असते. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पेटी मागून उघडी असली तर एवढी लांबलचक लाट खोक्याला सहज वळसा घालते, आणि पुढची दाबलेली हवा व मागची विरळ हवा एकमेकींना खाऊन टाकतात. वरचे स्वर वाचतात, खर्ज मरतो. भोकं ठेवायची असतील तर ती पेटीतल्या हवेचा आणि स्पीकरचा हिशेब करून ठेवावी लागतात, म्हणजे मागची लाट योग्य वेळी पुढे येऊन मदत करते. हल्ली हौशी लोक आवाज मोकळा व्हावा म्हणून पेटीला हवं तिथे भोक पाडतात, त्यांना हे कोणी तरी सांगायला हवं.

एकच पंधरा इंची स्पीकर हा सगळा मार सोसेना. म्हणून १९५४-५५ च्या सुमारास लिओनं त्याच्या जागी दहा इंची चार स्पीकर बसवले. हिशेब करून पाहा. पंधरा इंची वर्तुळाचं क्षेत्रफळ १७७ चौरस इंच, दहा इंची चारांचं मिळून ३१४. हवा जास्त ढकलली जाते आणि ओझं चौघांत वाटलं जातं. आठ-आठ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडले की एकूण दोन ओहम होतात, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मरही दोन ओहमला जुळवून घेतलेला. आज अशा पेटीत वेगळ्या ओहमचे स्पीकर घालणाऱ्यानं आधी हा हिशेब तपासावा. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला फार कमी ओहम झेपत नाहीत, आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर तर स्पीकर न जोडता कधी वाजवू नये, ट्रान्सफॉर्मर जायचा.

या नव्या बासमनला लिओनं मागची बाजू मात्र उघडी ठेवली. १९५८ ते १९६० मधली तिची आवृत्ती सर्वांत गाजली. ४० ते ४५ वॅट, पाइनच्या फळ्यांचं खोकं, त्यावर प्रवासी बॅगांना लावतात तसलं जाड कापड. बास गिटारला ही पेटी पुरेशी होती का? माझं मत विचाराल तर नव्हती. मोठ्या दालनात खालचे स्वर तिला झेपायचे नाहीत, जोर लावला की आवाज तडकायचा. पण तोच तडकलेला आवाज ब्लूज वाजवणाऱ्या गिटारवाल्यांना आवडला. शिकागोच्या बडी गायसारख्यांनी ती आपलीशी केली. स्वतः लिओला स्वच्छ, निखळ आवाज हवा असायचा. आवाज तडकणं हा त्याच्या हिशेबी दुरुस्तीला आलेला दोष!

तिची कीर्ती समुद्रापार गेली. १९६२ मध्ये पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या दोघांच्या मदतीनं बासमनच्या जोडणीवरूनच आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर बांधला. पेटी मात्र त्यांनी वेगळी केली: बारा इंची चार स्पीकर आणि मागून बंद. जोडणी जवळपास तीच, तरी आवाजाची जात बदलली. रॉक संगीतातली ती प्रसिद्ध मार्शलची भिंत उभी राहिली ती अशी. खोकं म्हणजे नुसतं लाकूड नव्हे, हे पटवून द्यायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडत नाही.

लिओही थांबला नव्हता. १९६१ मध्ये त्यानं बासमनचे दोन भाग केले. अ‍ॅम्प्लिफायरचं डोकं वेगळं, स्पीकरची पेटी वेगळी आणि बंद. खर्जाचे हादरे व्हॉल्व्हला लागेनात. (एकत्र कॉम्बोची मागची बाजू पूर्ण बंद करू पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की व्हॉल्व्हची उष्णता बाहेर जायला वाट लागते.) त्याच सुमारास डिक डेल नावाचा कॅलिफोर्नियातला तरुण गिटारवाला इतक्या जोरात वाजवायचा, की लिओचे स्पीकर एकामागून एक जळत होते. लिओनं रागावण्याऐवजी त्याच्यासाठी जास्त ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि जेबीएलचा दणकट पंधरा इंची स्पीकर जुळवून दिला.

खरं तर बास गिटारवाल्याला हवी तशी पेटी दिली ती अ‍ॅम्पेग या दुसऱ्या कंपनीनं. १९६० ची तिची पोर्टाफ्लेक्स ही पेटी मोटाउनच्या जेम्स जेमरसन यांच्या वादनाशी जोडली गेली, आणि १९६९ मध्ये तिनं ३०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर व दहा इंची आठ स्पीकरांची बंद पेटी काढली. पण तोवर लिओच्या आयुष्यात बरंच घडून गेलं होतं.

१९५५ च्या सुमारास त्याला सायनसचा जंतुसंसर्ग जडला. वर्षानुवर्षं उपचार चालू, गुण नाही. आपण फार दिवस काढत नाही असं त्यानं मनाशी धरलं, आणि जानेवारी १९६५ मध्ये सगळी कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांच्या औषधानं तो बरा झाला! माणूस धडधाकट आणि आपल्याच नावाची पाटी दुसऱ्याच्या दारावर. हिशेबनीस असलेल्या माणसाला हा व्यवहार काय वाटला असेल? त्यानं त्याबद्दल फार आरडाओरडा केला नाही. कराराची मुदत संपल्यावर सत्तरच्या दशकात तो म्युझिक मॅन कंपनीत गेला. तिथली १९७६ ची स्टिंगरे बास आपला आवाज वाद्यातच बॅटरीवर थोडा वाढवून मग पेटीकडे पाठवते. म्हणजे पेटीचं थोडं काम त्यानं वाद्याच्या पोटात नेलं.

मला त्याच्या पेट्यांत सर्वांत काय भावतं सांगू? उघडल्यावर आतलं सगळं दिसतं. एका पट्टीवर भाग ओळीनं मांडलेले, हातानं डागलेले. कुठला व्हॉल्व्ह कुठे बसतो त्याचा कागद आतच चिकटवलेला. दुरुस्ती करणाऱ्या दुसऱ्या माणसाला शिव्या द्याव्या लागू नयेत अशी ती मांडणी आहे. म्हणून तर साठ-सत्तर वर्षांनीही त्या पेट्या दुरुस्त होतात. मात्र आतला विजेचा दाब चारशे व्होल्टच्या पुढे असतो आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. माहितगाराशिवाय तिथे हात घालू नये, ही माझी कळकळीची विनंती.

पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्पीकर घ्यायला येणारी मुलं अजून पहिल्यांदा वॅट विचारतात. मी त्यांना डेसिबल बघा म्हणतो. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो तीन डेसिबल, आणि तेवढीच वाढ जास्त संवेदनशील स्पीकर घेतला तर फुकटात मिळते. अर्थात असा स्पीकर खालच्या स्वरांना किती उतरतो, तेही पाहायला हवं. मग खोकं. माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो तशी पेटीच्या फळीवर टिचकी मारावी. थरथरली तर आतून आडवी पट्टी ठोकावी, सांध्यातून हवा फुसफुसत असेल तर फोमची पट्टी लावावी. एवढ्यानंसुद्धा खर्ज घट्ट होतो.

१९७९ मध्ये एस्थर गेली. त्याच सुमारास जुना सहकारी जॉर्ज फुलरटन याच्याबरोबर लिओनं जी अँड एल ही शेवटची कंपनी काढली. १९८० मध्ये फिलिसशी लग्न झालं. पुढे पार्किन्सनच्या आजारानं हात थरथरू लागले, तरी तो रोज कामाच्या टेबलाशी येऊन बसायचा, चुंबक आणि तारा जुळवत. २१ मार्च १९९१ रोजी तो वारला. आदल्या दिवशीही तो कामावर आला होता.