पाउल फ्लेक्सिग

पाउल एमिल फ्लेक्सिग (२९ जून, १८४७ – २२ जुलै, १९२९) हे जर्मन चेताशरीररचनाशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ होते. नवजात अर्भकांच्या मेंदूतील श्वेतद्रव्य सर्वत्र एकाच वेळी तयार होत नसून त्याचा एक ठरावीक क्रम असतो, हे त्यांनी दाखवून दिले. नवजात बालकांच्या मेंदूच्या एमआरआय तपासणीत श्वेतद्रव्याची वाढ ज्या क्रमाने पाहिली जाते, त्याचा पाया त्यांच्या संशोधनात आहे.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

फ्लेक्सिग यांचा जन्म जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातील झ्विकाउ या गावी झाला. त्यांचे वडील एमिल फ्लेक्सिग हे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक असून संगीतकार रॉबर्ट शुमान यांचे तरुणपणीचे मित्र होते. फ्लेक्सिग यांनी लाइपझिग विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८७० मध्ये पदवी मिळवली. त्यानंतर फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी लष्करी वैद्य म्हणून काम केले. युद्धानंतर ते लाइपझिगच्या विकृतिविज्ञान संस्थेत रुजू झाले. पुढे शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी त्यांना आपल्या संस्थेतील ऊतिविज्ञान विभागात घेतले.

श्वेतद्रव्याच्या वाढीचा शोध

१८७२ मध्ये काही आठवड्यांच्या एका मृत अर्भकाच्या मेंदूची तपासणी करताना फ्लेक्सिग यांना एक विशेष गोष्ट आढळली. प्रौढ मेंदूत जो भाग पांढरा दिसतो, तो या मेंदूत बहुतांशी करडा होता; केवळ काही मोजके पट्टे पांढरे झाले होते. चेतातंतूंभोवती मायलिन या मेदयुक्त पदार्थाचे आवरण चढल्यावर श्वेतद्रव्याला पांढरा रंग येतो. निरनिराळ्या तंतुमार्गांवर हे आवरण निरनिराळ्या वेळी चढत असेल, तर एरवी एकमेकांत गुंतलेले मार्ग वेगळे ओळखता येतील, हे फ्लेक्सिग यांच्या लक्षात आले.

या पद्धतीने त्यांनी गर्भ व अर्भके यांच्या मेंदूंचा आणि मेरुरज्जूंचा अभ्यास केला व त्याचे निष्कर्ष १८७६ मध्ये मानवी मेंदू आणि मेरुरज्जू यांतील वहनमार्गांवरील ग्रंथात मांडले. ऐच्छिक हालचाली घडवणाऱ्या पिरॅमिडल मार्गाचा मेंदूपासून मेरुरज्जूपर्यंतचा प्रवास त्यात दाखवला होता. मेरुरज्जूतून अनुमस्तिष्काकडे जाणाऱ्या एका मार्गाला त्यांचे नाव दिले गेले. १८८४ मध्ये कार्ल वायगर्ट यांनी मायलिन रंगवण्याची पद्धत शोधल्यावर असे अभ्यास अधिक अचूक झाले.

पुढे त्यांनी प्रमस्तिष्काच्या बाह्यांगाचे मायलिन तयार होण्याच्या क्रमानुसार क्षेत्रांत विभाजन केले. स्पर्श, दृष्टी, श्रवण व हालचाल यांच्याशी संबंधित क्षेत्रांतील तंतूंवर आवरण लवकर चढते. विचार आणि भाषा यांना आधार देणारी साहचर्य क्षेत्रे नंतर परिपक्व होतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. १८९४ मध्ये लाइपझिग विद्यापीठाच्या रेक्टरपदी निवड झाल्यावर त्यांनी मेंदू व आत्मा या विषयावर दिलेले व्याख्यान विशेष गाजले.

मनोविकार चिकित्सालय

मनोविकारांच्या उपचारांचा फारसा अनुभव नसतानाही फ्लेक्सिग यांची १८७७ मध्ये मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. मनोविकारांचे मूळ मेंदूच्या रचनेत सापडेल, अशी त्या काळी अपेक्षा होती. १८८२ मध्ये सुरू झालेल्या विद्यापीठाच्या मनोविकार चिकित्सालयाचे ते प्रमुख झाले. एमिल क्रेपेलिन यांना त्यांनी काही महिन्यांतच कामावरून दूर केले. रशियन शास्त्रज्ञ व्लादिमीर बेख्तेरेव यांनी मात्र त्यांच्याकडे अध्ययन केले.

रुग्णोपचारांतील त्यांची कामगिरी वादग्रस्त ठरली. हिस्टेरिया झालेल्या स्त्रियांवर जननेंद्रियांच्या शस्त्रक्रिया करण्याचे त्यांनी १८८४ मध्ये समर्थन केले. अपस्मारासाठी त्यांनी सुचवलेली अफू व ब्रोमाइड यांची उपचारपद्धतीही पुढे मागे पडली. न्यायाधीश डॅनियल पाउल श्रेबर हे त्यांचे रुग्ण होते. श्रेबर यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत फ्लेक्सिग यांच्यावर गंभीर आरोप केले. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९११ मध्ये या आठवणींचे विश्लेषण केल्यामुळे मनोविश्लेषणाच्या इतिहासात फ्लेक्सिग यांचे नाव प्रामुख्याने श्रेबर यांचे वैद्य म्हणून उरले.

टीका

साहचर्य क्षेत्रांचा मेंदूच्या खालच्या भागांशी थेट तंतुसंबंध नसतो, हे फ्लेक्सिग यांचे मत झ्यूल देजरिन, कॉन्स्टांटिन फोन मोनाकोव्ह आदींनी अमान्य केले व ते पुढे चुकीचे ठरले. मायलिन तयार होण्याच्या क्रमाविषयीचा त्यांचा मूळ निष्कर्ष मात्र टिकून राहिला. १९६७ मध्ये पॉल याकोव्हलेव्ह व आंद्रे-रॉश लकूर यांनी या क्रमाचा विस्तृत कालपट मांडला.

आधुनिक महत्त्व

फ्लेक्सिग यांना हा क्रम केवळ मृत अर्भकांच्या मेंदूंवरून पाहता आला. एमआरआयमुळे तो जिवंत बालकांत पाहणे शक्य झाले. नवजात मेंदूत मायलिन कमी व पाणी अधिक असल्याने टी-१ प्रतिमेत श्वेतद्रव्य करड्या द्रव्यापेक्षा गडद, तर टी-२ प्रतिमेत उजळ दिसते. प्रौढ मेंदूत हे उलट असते. पूर्ण दिवसांच्या बालकात अंतःसंपुटाच्या मागील बाहूत मायलिनची खूण दिसणे अपेक्षित असते. पिरॅमिडल मार्ग याच भागातून जातो. त्यामुळे जन्मावेळी प्राणवायू कमी पडलेल्या बालकात ही खूण न दिसल्यास पुढे हालचालींचे दोष उद्भवण्याची शक्यता डॉक्टर लक्षात घेतात.

अखेरचा काळ

१९२० मध्ये फ्लेक्सिग यांचा मेंदू व मेरुरज्जू यांच्या रचनेवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९२७ मध्ये त्यांनी आत्मचरित्रात्मक प्रस्तावनेसह आपल्या सिद्धान्ताचा आढावा घेतला. १९२९ मध्ये लाइपझिग येथे त्यांचे निधन झाले. लाइपझिग विद्यापीठातील मेंदू संशोधन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.