होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर १९०९ – २४ जानेवारी १९६६) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ आणि भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रवर्तक होते. मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तुर्भे (ट्रॉम्बे) येथील अणुसंशोधन केंद्र यांची स्थापना त्यांनी केली. विश्वकिरणांविषयीचे त्यांचे संशोधन जगन्मान्य आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील तारापूर अणुविद्युत केंद्राचा पाया त्यांच्याच कारकिर्दीत घातला गेला. अणुभट्ट्या उभारणारी, त्या चालवणारी आणि त्यांची सुरक्षितता तपासणारी यंत्रणा त्यांच्या काळात एकाच छत्राखाली होती. ती तपासणी स्वतंत्र असावी का आणि तिचे निष्कर्ष जनतेसमोर यावेत का, हा प्रश्न त्यांच्या निधनानंतर अनेक दशके चर्चेत राहिला.

बालपण आणि शिक्षण

भाभा यांचा जन्म मुंबईतील एका सुशिक्षित व संपन्न पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर होर्मसजी भाभा हे बॅरिस्टर होते. त्यांच्या आत्याचा विवाह सर दोराबजी टाटा यांच्याशी झाला होता. या नात्यामुळे उद्योग आणि सार्वजनिक कार्य यांविषयीची चर्चा होमी यांच्या कानावर लहानपणापासून पडत असे. घरातील ग्रंथसंग्रह आणि पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका यांतून त्यांची कलेची आवड जोपासली गेली.

कॅथेड्रल अँड जॉन कॉनन विद्यालय, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथील शिक्षणानंतर १९२७ मध्ये ते केंब्रिज विद्यापीठाच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. मुलाने यंत्र अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. होमी यांचा ओढा मात्र भौतिकशास्त्राकडे होता. अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्यास गणिताच्या अभ्यासाला वडिलांनी संमती द्यावी, असे उभयतांत ठरले. १९३० मध्ये त्यांनी ती अट पूर्ण केली आणि १९३२ मध्ये गणिताची ट्रायपॉस परीक्षाही प्रथम श्रेणीत उत्तीर्ण केली.

वैज्ञानिक संशोधन

त्या काळी केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा अणुभौतिकीचे अग्रगण्य केंद्र होती. भाभा यांचा पहिला शोधनिबंध १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. याच दशकात त्यांनी यूरोपातील प्रमुख भौतिकशास्त्रज्ञांच्या सहवासात काही काळ काम केले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या परस्पर विकिरणाचे त्यांनी केलेले गणित आज भाभा विकिरण या नावाने ओळखले जाते. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासमवेत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. बाह्य अवकाशातून आलेला एक कण वातावरणात शिरल्यावर त्यातून अनेक कणांची मालिका कशी निर्माण होते, याचा उलगडा या उपपत्तीने होतो.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी भारतात आले असता दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परतीचा मार्ग बंद झाला. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या विभागात त्यांनी अध्यापन सुरू केले आणि विश्वकिरण संशोधनाचा विभाग उभारला. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, १९४१ मध्ये, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले. १९४२ मध्ये केंब्रिजचा ॲडम्स पुरस्कारही त्यांना लाभला.

संस्थांची उभारणी

मूलभूत भौतिकीच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था हवी, असे प्रतिपादन करणारे पत्र भाभा यांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा विश्वस्त मंडळाकडे पाठवले. अणुशक्तीपासून वीज मिळू लागेल तेव्हा भारताला परदेशी तज्ज्ञांकडे पाहावे लागू नये, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होता. अणुबाँबचा वापर होण्यापूर्वी सुमारे सतरा महिने लिहिलेले हे पत्र त्यांच्या दूरदृष्टीचे निदर्शक मानले जाते. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूर येथे सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईत आली. १९६२ मध्ये कुलाबा येथील तिच्या नव्या वास्तूचे उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले.

अणुऊर्जा आयोग आणि गोपनीयता

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अणुऊर्जा कायदा संमत झाला. १० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोग स्थापन होऊन भाभा त्याचे अध्यक्ष झाले. ३ ऑगस्ट १९५४ रोजी स्वतंत्र अणुऊर्जा विभाग निर्माण करण्यात आला. तो थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत होता आणि त्याचे सचिवपदही भाभा यांच्याकडेच आले. ट्रॉम्बे केंद्राचे संचालकही तेच होते. धोरण ठरवणारा, प्रशासन चालवणारा आणि प्रत्यक्ष केंद्राची धुरा वाहणारा अधिकारी अशा तिन्ही भूमिका एका व्यक्तीत एकवटल्यामुळे निर्णय वेगाने होत. त्याच निर्णयांची बाहेरून छाननी करणारी यंत्रणा मात्र नव्हती.

या रचनेवर त्या काळीही आक्षेप घेतले गेले. १९४८ च्या कायद्यातील गुप्ततेच्या तरतुदींवर एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी संविधान सभेत टीका केली होती. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी १९५४ मध्ये लोकसभेत अणुऊर्जेवर चर्चा घडवून आणली आणि अधिक खुलेपणाचा आग्रह धरला. टाटा संस्थेत सोळा वर्षे काम केलेले गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी भारतासाठी अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा अधिक योग्य असल्याचे मत मांडले. तथापि, नेहरूंचा भाभा यांच्यावर पूर्ण विश्वास होता आणि कार्यक्रमाची दिशा बदलली नाही. १९६२ च्या नव्या अणुऊर्जा कायद्याने किरणोत्सर्गापासून संरक्षणासाठी नियम करण्याचे अधिकार केंद्र सरकारला दिले. त्याच कायद्याच्या कलम १८ ने माहितीच्या प्रकटीकरणावर निर्बंध घालण्याचा अधिकारही सरकारकडे ठेवला.

ट्रॉम्बे आणि किरणोत्सर्ग सुरक्षा

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिची रचना व बांधणी भारतीय तंत्रज्ञांनी केली होती. समृद्ध युरेनियमचे इंधन ब्रिटनने पुरवले होते. २० जानेवारी १९५७ रोजी नेहरूंनी ट्रॉम्बे केंद्राचे औपचारिक उद्घाटन केले. १९६० मध्ये कॅनडाच्या सहकार्याने सायरस आणि १९६१ मध्ये झर्लिना या अणुभट्ट्या सुरू झाल्या.

किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नसतो आणि शरीराला तो तत्काळ जाणवतही नाही. त्यामुळे कामगाराला किती मात्रा मिळाली, हे मोजणे हाच संरक्षणाचा पहिला उपाय ठरतो. ट्रॉम्बे येथे त्यासाठी आरोग्य भौतिकीचा स्वतंत्र विभाग उभारण्यात आला. कर्मचाऱ्यांच्या अंगावर छायाचित्रणाच्या फिल्मचा छोटा बिल्ला लावला जाई आणि त्या फिल्मच्या काळवंडण्यावरून मात्रेची नोंद ठेवली जाई. १९६० मध्ये काढलेल्या एका टिपणात भाभा यांनी दुहेरी अपेक्षा नमूद केली: किरणोत्सर्गी पदार्थांच्या हाताळणीतून केंद्रातील कर्मचाऱ्यांना किंवा अन्य कोणालाही अपाय होता कामा नये, आणि ही हाताळणी देशातील इतर संस्थांना आदर्श वाटावी अशी असावी. १९६२ मध्ये ट्रॉम्बे येथील अणुभट्ट्यांच्या तपासणीसाठी एक सुरक्षा समितीही नेमण्यात आली. तिची रचना मात्र विभागांतर्गत होती. तिच्या निष्कर्षांचा वाचक विभागच होता.

तारापूर अणुविद्युत केंद्र

१९५५ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेचे अध्यक्षपद भाभा यांनी भूषवले. भारतातील थोरियमच्या साठ्याचा उपयोग डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी त्रिस्तरीय अणुऊर्जा कार्यक्रम आखला.

पहिल्या विद्युत केंद्रासाठी पश्चिम किनारा निवडण्यामागे कोळशाचा हिशेब होता. महाराष्ट्रातील कोळसा मुख्यतः पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर परिसरात आणि त्या वेळच्या चांदा (आजच्या चंद्रपूर व गडचिरोली) जिल्ह्याच्या वर्धा खोऱ्यात सापडतो. बल्लारपूरसारख्या खाणींपासून मुंबई आणि गुजरातचा औद्योगिक पट्टा शेकडो किलोमीटर दूर आहे. खाणींपासून दूरच्या प्रदेशात कोळशाच्या वाहतुकीचा खर्च धरल्यास अणुवीज स्पर्धेत टिकू शकते, असा भाभा यांचा युक्तिवाद होता.

१९६३ मध्ये भारत व अमेरिका यांच्यात सहकार्याचा करार झाला आणि १९६४ मध्ये अमेरिकी कंपनीला उभारणीचे कंत्राट देण्यात आले. तत्कालीन ठाणे (आजच्या पालघर) जिल्ह्यातील तारापूर येथे उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या दोन अणुभट्ट्या बांधण्यात आल्या. या प्रकारात अणुभट्टीतील पाण्याचीच वाफ होऊन ती जनित्राचे चक्र फिरवते. १९६९ मध्ये केंद्रातून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. प्रत्येकी २१० मेगावॅटसाठी उभारलेल्या या अणुभट्ट्यांची क्षमता पुढे १६० मेगावॅटपर्यंत कमी करण्यात आली.

भाभा यांचे सर्वच अंदाज खरे ठरले नाहीत. १९८७ पर्यंत देशाची अणुविद्युत क्षमता २०,००० मेगावॅटच्या पुढे जाईल, अशी अपेक्षा त्यांनी १९६२ मध्ये व्यक्त केली होती. प्रत्यक्षात त्या वर्षी ती याच्या दहाव्या भागाइतकीही नव्हती.

व्यक्तिमत्त्व

भाभा उत्तम चित्रकार होते. पाश्चात्त्य अभिजात संगीत, वास्तुरचना आणि उद्यानकला यांत त्यांना गती होती. टाटा संस्थेसाठी त्यांनी भारतीय चित्रकारांच्या कलाकृतींचा मोठा संग्रह केला. बांधकामाच्या आड येणारी मोठी झाडे तोडण्याऐवजी मुळांसह दुसरीकडे हलवण्याचा त्यांचा आग्रह असे. ते आजन्म अविवाहित राहिले. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला.

निधन

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वैज्ञानिक सल्लागार समितीच्या बैठकीसाठी व्हिएन्ना येथे जात असताना, २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. या अपघातात भाभा यांचे निधन झाले. तारापूर केंद्रातील वीज त्यांना पाहता आली नाही. १९६७ मध्ये ट्रॉम्बे केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले.

पुढील काळातील सुरक्षा आढावा

१९७९ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अपघातानंतर जगभर अणुकेंद्रांच्या नियमनाचा फेरविचार सुरू झाला. भारतात १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. ते शासकीय आदेशाने, १९६२ च्या कायद्याखाली निर्माण झाले होते आणि अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते. ज्या आयोगाच्या कार्यक्रमावर देखरेख ठेवायची त्यालाच अहवाल सादर करायचा, ही भाभाकालीन रचनेतील अडचण त्यामुळे पूर्णतः दूर झाली नाही.

१९९५ मध्ये, ए. गोपालकृष्णन अध्यक्ष असताना, मंडळाने देशातील अणुप्रकल्पांच्या सुरक्षिततेविषयी एक दस्तऐवज तयार केला. त्यात सुमारे १३० मुद्द्यांची नोंद होती. तो प्रकट करावा, यासाठी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. शासनाने कलम १८ चा आधार घेतला. उच्च न्यायालयाने शासनाची बाजू मान्य केली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

तारापूरच्या जुन्या अणुभट्ट्यांचा नियामक मंडळाने सर्वंकष आढावा घेतला आणि २००५-०६ मध्ये त्या काही महिने बंद ठेवून त्यांत सुधारणा करण्यात आल्या. २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे याच प्रकारच्या अणुभट्ट्यांना अपघात झाल्यावर भारतातील सर्व अणुविद्युत केंद्रांची पुन्हा तपासणी झाली. २०१२ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात मंडळाचा दर्जा दुय्यम असल्याचे, त्याला नियम करण्याचा अधिकार नसल्याचे आणि १९८३ च्या आदेशात अपेक्षित असलेले सुरक्षा धोरण तयार झाले नसल्याचे दाखवून दिले. स्वतंत्र नियामक प्राधिकरणासाठी २०११ मध्ये मांडलेले विधेयक २०१४ मध्ये पंधराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञ पथकानेही मंडळाचे स्वातंत्र्य कायद्याने सुनिश्चित करण्याची शिफारस केली.

मूल्यमापन

भाभा यांनी अल्पावधीत संस्था उभारल्या, तरुण शास्त्रज्ञ घडवले आणि किरणोत्सर्गापासून संरक्षणाची शिस्त अगदी प्रारंभापासून कामात रुजवली. त्यांच्या हाती एकवटलेल्या अधिकारांमुळेच हे शक्य झाले, असे त्यांचे समर्थक मानतात. त्याच एकवटलेल्या अधिकारांमुळे आणि गुप्ततेच्या कायद्यामुळे सुरक्षेची तपासणी नागरिकांच्या नजरेआड राहिली, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. १९६० च्या टिपणात त्यांनी कर्मचाऱ्यांबरोबरच अन्य कोणालाही अपाय होऊ नये, असे म्हटले होते. अणुकेंद्राच्या परिसरात राहणारे नागरिक या शब्दांच्या कक्षेत येतात. मात्र ती अपेक्षा किती पूर्ण झाली, हे त्यांना स्वतः पडताळून पाहता येईल अशी व्यवस्था भाभा यांच्या हयातीत निर्माण झाली नाही.