खिंड लढवणारा माणूस

आमचं कुडपण पोलादपूर तालुक्यातलं, सह्याद्रीच्या कुशीतलं गाव. मी शाळकरी असताना काकांचं बोट धरून डोंगर उतरलो आणि पोलादपूरला तंबूत ‘पावनखिंड’ पाहिला. रीळ दोनदा तुटलं, पण बाजीप्रभू पडले तेव्हा तंबूत कुणी हललं नाही. खिंडीत उभी राहिलेली ती माणसं आपल्यासारखीच डोंगरातली, असं काका परतीच्या वाटेवर सांगत होते. तानाजींचं उमरठही आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

हा चित्रपट १९५६चा, भालजी पेंढारकरांचा. त्यांचा १९५२चा ‘छत्रपती शिवाजी’ लोकांच्या लक्षात राहिला, ‘पावनखिंड’ मात्र मागे पडला. मला तोच जवळचा वाटतो. त्यात राजा सुखरूप विशाळगडी पोचावा म्हणून मागे थांबणाऱ्यांची कथा आहे. जपानमध्ये कुरोसावांनी १९५४ साली ‘सेव्हन सामुराई’त गावासाठी मरणारे लढवय्ये दाखवले. तो जगभर गाजला, आपला घरातच राहिला.

पुढे बँकेत कर्जखात्यात बसल्यावर मला भालजी नव्याने कळले. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या दंगलीत कोल्हापूरचा त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. ‘मीठभाकर’ही त्या आगीत गेला. दुसरा कुणी हात जोडून घरी बसला असता. भालजींनी कर्ज काढून स्टुडिओ उभा केला आणि ‘मीठभाकर’ पुन्हा चित्रित केला. ‘छत्रपती शिवाजी’ आणि ‘पावनखिंड’ त्यानंतरचे, हे ध्यानात घ्यायला हवं.

कर्जाने मात्र पाठ सोडली नाही. १९५९ साली जयप्रभा लता मंगेशकरांकडे गेला. तरी भालजी थांबले नाहीत. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ हे चित्रपट त्यानंतर आले, आणि त्यांना संगीत दिलं ‘आनंदघन’ या नावाने लताबाईंनीच. १९९१चा दादासाहेब फाळके पुरस्कार भालजींना मिळाला. १९९४ साली ते गेले.

कधी कधी वाटतं, १९४८ साली त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर? तारण जळालेलं, उत्पन्न बेभरवशाचं. नियमाप्रमाणे मी तो नामंजूरच केला असता. मग काकांनी मला त्या रात्री तंबूत काय दाखवलं असतं?