कर्ट फ्लडचा हरलेला दावा

बेसबॉलच्या मैदानावर कीर्ती मिळविणारे खेळाडू अमेरिकेत पुष्कळ झाले. परंतु ऐन भरातली कारकीर्द पणास लावून सर्व खेळाडूंच्या हक्कासाठी न्यायालयाची पायरी चढणाऱ्या कर्ट फ्लडचे नाव त्यांत वेगळे काढावे लागते.

१९३८ साली ह्यूस्टन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्याचा जन्म झाला. तो वाढला कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी. अठराव्या वर्षी व्यावसायिक खेळात उतरल्यावर दक्षिणेतील गावोगावी त्याने वर्णभेदाचा जाच सोसला. गोऱ्या सहकाऱ्यांच्या पंक्तीस बसून जेवण्याचीही त्याला मुभा नव्हती. १९५८ पासून बारा हंगाम तो सेंट लुई कार्डिनल्स संघात होता. मैदानाच्या दूरच्या टोकाला, मध्यभागी क्षेत्ररक्षण करणे हे त्याचे काम. त्यासाठीचा सर्वोच्च पुरस्कार १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षे त्याला लाभला. १९६६ च्या संपूर्ण हंगामात त्याच्या हातून एकही चूक नोंदली गेली नाही.

अशा खेळाडूला ऑक्टोबर १९६९ मध्ये मालकांनी परस्पर फिलाडेल्फिया संघाच्या हवाली केले. त्याची संमती विचारण्याची गरज कोणास वाटली नाही, कारण करारातील एका कलमान्वये खेळाडूवर संघाचा कायमचा ताबा असे. साधा कारकूनही एका कचेरीचा राजीनामा देऊन दुसरीकडे अर्ज करू शकतो. फ्लडला मात्र मालक ठरवील तेथे खेळणे किंवा खेळ सोडणे, एवढेच दोन मार्ग होते. वर्षाला ९०,००० डॉलर मिळविणाऱ्याने गुलामगिरीची भाषा करावी काय, असा उपहास झाला. पण वेतन कितीही मोठे असले तरी माणसाच्या खरेदी-विक्रीचा अधिकार त्यातून उत्पन्न होत नाही, हा त्याचा मुद्दा होता.

जानेवारी १९७० मध्ये त्याने दावा लावला. खेळाडूंची संघटना पाठीशी उभी राहिली आणि निवृत्त झालेल्या जॅकी रॉबिन्सनने त्याच्या बाजूने साक्षही दिली; मात्र त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात फिरकला नाही. प्रत्येकाला आपापल्या नोकरीची धास्ती होती. बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू नाही, असा निर्णय १९२२ साली झाला होता. जून १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही विसंगती मान्य केली, परंतु ती दूर करण्याचे काम संसदेवर सोपवून पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडविरुद्ध निकाल दिला. तोवर त्याची कारकीर्द संपली होती. १९७० चा हंगाम बुडाला आणि १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून अवघे तेरा सामने खेळून त्याने मैदान सोडले.

दावा हरला, तरी त्याने उभा केलेला प्रश्न मिटला नाही. दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यांपैकी शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीवाचून दुसरीकडे धाडता येणार नाही, हे मालकांना १९७३ मध्ये मान्य करावे लागले. १९७५ मध्ये लवादाने त्या जुन्या कलमाचा कणाच मोडला. त्यानंतर खेळाडूंना कोट्यवधी डॉलरचे करार मिळू लागले; फ्लडच्या वाट्याला मात्र व्यसनाची आणि विपन्नतेची वर्षे आली. जानेवारी १९९७ मध्ये तो निवर्तला. पुढच्याच वर्षी संसदेने केलेल्या कायद्याने प्रमुख संघांच्या खेळाडूंना मक्तेदारीविरोधी संरक्षण दिले. त्या कायद्याला फ्लडचेच नाव आहे.

संघटित हक्कांचा लाभ घेणाऱ्यांना ते हक्क कोणाच्या पदरमोडीतून आले, याचा सहसा विसर पडतो. फ्लडचे चरित्र त्या ऋणाची आठवण करून देते. सुनावणीच्या वेळी त्याच्या शेजारी खेळत असलेला एकही खेळाडू नव्हता, हेही त्याबरोबरच ध्यानात ठेवणे उचित ठरेल.