बडोद्याच्या २५ रुपयांपासून सरकारी स्कॉलरशिपपर्यंत : बाबासाहेबांनी कॉलेजच्या फीचं गणित कसं सोडवलं?

जून-जुलै आला की घराघरात एकच विषय असतो. अ‍ॅडमिशन मिळालं, आता फीचं काय? मग उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक, सेतू केंद्रासमोरची रांग आणि महाडीबीटीचं न उघडणारं पान. या रांगेत उभ्या असणाऱ्या पोरापोरींना बहुतेकदा माहीत नसतं की मॅट्रिकनंतरच्या सरकारी शिष्यवृत्तीच्या मुळाशी एका माणसाचा स्वतःचा अनुभव आहे.

तो माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांच्या डिग्र्यांची यादी आपल्याला पाठ असते. कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन. पण या डिग्र्यांचे पैसे कोणी भरले, कोणत्या अटींवर भरले आणि कुठे कमी पडले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आज तीच बघू.

वडील रामजी सकपाळ लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पेन्शन महिना ५० रुपये. साताऱ्याहून कुटुंब मुंबईला आलं आणि परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागलं. दोन मुलगे शिकत होते आणि पेन्शनीत दोघांचं शिक्षण बसेना. शेवटी थोरल्या आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली आणि धाकट्या भीमरावांचं शिक्षण चालू राहिलं. एका मुलाला शिकवायचं तर दुसऱ्याला थांबवायचं, हा हिशोब आजही कित्येक घरांत होतो. रामजींनी पोराच्या पुस्तकांसाठी लेकींकडून उसने पैसे घेतले, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवले.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाले. अस्पृश्य समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं ही तेव्हा मोठीच गोष्ट. सत्काराची सभा झाली. सभेला होते कृष्णराव अर्जुन केळुसकर. पेशाने शिक्षक, लेखक आणि या मुलाला बागेत वाचत बसलेला पाहून ओळख करून घेतलेले गृहस्थ. त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिलं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यांनी पुढे जे केलं, ते जास्त महत्त्वाचं.

भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. इंटरपर्यंत वडिलांनी कसंबसं निभावलं, पण नंतर पैसे संपले. इथेच शिक्षण थांबलं असतं.

केळुसकरांना आठवण होती की बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अस्पृश्य समाजातल्या लायक मुलाला उच्च शिक्षणासाठी मदत करण्याची तयारी जाहीरपणे दाखवली होती. सयाजीरावांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं, म्हणजे हे नुसतं बोलणं नव्हतं. केळुसकर भीमरावांना घेऊन महाराजांकडे गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि शिष्यवृत्ती मंजूर केली. महिना २५ रुपये.

आता थोडं थांबून विचार करा. योजना होती, पैसा होता, लायक विद्यार्थीही होता. पण या तिघांना जोडणारा केळुसकरांसारखा माणूस नसता तर? आजसुद्धा शिष्यवृत्ती हुकण्याचं एक मोठं कारण हेच असतं. ती आहे, हेच पोराला कळत नाही. कळतं तेव्हा तारीख गेलेली असते.

१९१२ साली भीमरावांनी बी.ए.ची परीक्षा दिली, विषय इंग्रजी आणि फारसी. ते पास होऊन बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि काही दिवसांतच, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, वडील वारले. घरात बायको, भावाचं कुटुंब आणि कमावत्या माणसांची वानवा. अशा वेळी कोणीही नोकरीला चिकटून राहिला असता.

पण त्याच सुमारास महाराज काही विद्यार्थ्यांना शिकायला अमेरिकेला पाठवणार असल्याचं समजलं. भीमराव मुंबईत महाराजांना भेटले. त्यांना अर्ज करायला सांगण्यात आलं आणि निवड झाली. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारावर सह्या झाल्या. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. बदल्यात शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची. आजच्या भाषेत याला बाँड म्हणतात.

साडेअकरा पौंड म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १७२ रुपये. परळच्या खोलीतून बघितलं तर मोठी रक्कम. पण खर्च करायचा होता न्यूयॉर्कमध्ये, डॉलरमध्ये. तिथे याचे होत होते ५५-५६ डॉलर. त्यात राहणं, खाणं, कपडे, पुस्तकं आणि वर घरी रमाबाईंनाही काही पाठवायचं.

कॉलेजचा खर्च म्हटलं की आपण फीचा आकडा बघतो, पण पोराला खरा घाम फोडतो तो राहण्या-जेवणाचा खर्च. बाबासाहेबांनी तो दाबून ठेवला. सिनेमा-नाटक नाही, बाहेरचं खाणं बेताचं, आणि उरलेला पैसा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

दुसरी गोष्ट वेळेची. शिष्यवृत्ती तीन वर्षांचीच होती आणि त्यानंतर घड्याळ बंद होणार होतं. बाबासाहेबांनी अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र असे विषय घेतले. १९१५ मध्ये एम.ए. झाले, मे १९१६ मध्ये भारतातल्या जातींवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध वाचला आणि पीएच.डी.चं काम तयार केलं.

कोलंबियातलं काम आटोपून १९१६ मध्ये ते लंडनला गेले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातलं. शिक्षण सुरू झालं, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परत येण्याचा निरोप आला. डिग्री अर्धवट होती.

इथे त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. निघण्याआधी लंडन विद्यापीठाकडून परवानगी घेतली की चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पूर्ण करता यावं. पैसे नव्हते, पण जागा राखून ठेवली. पैशांअभावी शिक्षण थांबवावं लागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. नुसतं गायब होण्यात आणि लेखी परवानगी घेऊन थांबण्यात फार फरक असतो.

१९१७ मध्ये ते भारतात आले. त्यांचं सामान आणि पुस्तकं ज्या बोटीवर होती ती युद्धात बुडाली. त्या सामानाची जी भरपाई मिळाली, त्यातूनच त्यांनी बडोद्याला जाण्याचा खर्च केला.

बडोद्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. एवढा शिकलेला अधिकारी, पण शहरात राहायला कोणी जागा देईना. कचेरीत शिपाई लांबून फाइली फेकत. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर लाठ्या घेऊन लोक दारात आले. दहा वर्षांच्या नोकरीचा करार होता, ती नोकरी काही महिनेही टिकली नाही.

महाराजांनी पैसे दिले होते, शिकवलं होतं आणि नोकरीही दिली होती. पण त्या नोकरीच्या गावात डोक्यावर छप्पर मिळेल याची सोय शिष्यवृत्तीच्या करारात नव्हती. एका राजाची चांगली इच्छा कुठपर्यंत पोचते, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगलं. तरीही सयाजीरावांचे उपकार ते विसरले नाहीत. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ त्यांनी महाराजांनाच अर्पण केला.

मुंबईला परत आल्यावर लंडनची चार वर्षांची मुदत डोक्यावर होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागली. पगार ४५० रुपये, तेव्हा चांगला. पण राहणी चाळीतलीच ठेवली. रमाबाईंनी ठरलेल्या पैशांत घर चालवायचं आणि बाकीचे लंडनसाठी बाजूला टाकायचे. बाबासाहेबांच्या डिग्र्यांचा हिशोब मांडायचा तर त्यात रमाबाईंनी मारलेल्या काटकसरीचाही रकाना हवा. तो हप्ता त्यांनी पोटाला चिमटा घेऊन भरला होता.

मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. शिल्लक पुरेशी नव्हती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. कोलंबियापासूनचे मित्र नवल भथेना यांनी ५ हजार रुपये कर्जाऊ दिले. वेळेच्या आत, १९२० मध्ये, बाबासाहेब पुन्हा लंडनला पोचले.

तिथे वेगळंच संकट आलं. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत होते. वर्षभरात तो दर दीड शिलिंगाच्याही खाली घसरला. साधा हिशोब करा. दोन शिलिंगांच्या दराने ५ हजार रुपयांचे ५०० पौंड होतात. १ शिलिंग ४ पेन्सच्या दराने तेच ३३३ पौंडांवर येतात. ज्यांची पोरं आज परदेशात शिकतात, त्या पालकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. बँकेचं कर्ज तेवढंच राहतं, डॉलर मात्र वर जातो.

सप्टेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड उसने मागितले. देणगी म्हणून नाही, परत आल्यावर व्याजासह फेडण्याच्या बोलीवर. आणि योगायोग बघा, लंडनमध्ये त्यांच्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न!

सकाळी ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय उघडलं की आत, बंद झालं की बाहेर. जेवण अर्धपोटी. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. प्रबंधात दुरुस्त्या सांगितल्या गेल्या, तेव्हा लंडनमध्ये थांबायला पैसे उरले नव्हते. १९२३ मध्ये मुंबईला येऊन त्यांनी त्या पूर्ण केल्या आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली.

आता हिशोब करा. या एका माणसाला शिकवायला काय काय लागलं? वडिलांची पेन्शन, बहिणींचे दागिने, भावाने सोडलेली शाळा, केळुसकरांचा शब्द, दोन राजांची मदत, एका मित्राचं कर्ज आणि बायकोची काटकसर. यातली एक कडी तुटली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. बाबासाहेबांनी यातून एक गोष्ट ओळखली. लाखो पोरांचं शिक्षण अशा योगायोगांवर सोडता येणार नाही.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं सविस्तर निवेदन दिलं. उच्च शिक्षणाचा पैसा हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. सरकार बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलिगढ मुस्लिम विद्यापीठाला दरवर्षी तीन-तीन लाख रुपये देतं, मग अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी तेवढी रक्कम का नाही?

सरकारने तीन लाख मंजूर केले. काही विद्यार्थी त्या काळात परदेशी शिकायला गेले, आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे १९४८-४९ पासून ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. आज आपण जिला पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप म्हणतो, ती हीच.

या योजनेची रचना बघा. तिच्यात फी आहे आणि निर्वाहासाठी भत्ताही आहे, कारण नुसती फी माफ करून पोटाचा प्रश्न सुटत नाही. मिळणं कोणाच्या मर्जीवर नाही, ठरलेल्या अटींत बसलात की तुमचा हक्क. आणि बदल्यात दहा वर्षांच्या नोकरीचा बाँड नाही.

बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं आणि तिथे सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्या पोराला कॉलेज करून कामावर जाता यावं. १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेल्या पोराला मुंबई-हैदराबादचा खर्च परवडत नव्हता, म्हणून कॉलेजच त्याच्या जवळ आणलं.

आज या शिष्यवृत्तीसाठी कुणाला महाराजांसमोर उभं राहावं लागत नाही. महाडीबीटीवर लॉगिन करायचं, आधारशी जोडलेलं बँक खातं द्यायचं आणि दाखले अपलोड करायचे. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर राज्याच्या फ्रीशिपचा मार्ग. हॉस्टेल मिळालं नाही तर राहण्या-जेवणासाठी स्वाधार योजना आहे, तिला नावही बाबासाहेबांचंच आहे. पैसे उशिरा येतात, अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकून पडतात, या तक्रारी आहेतच आणि त्या केल्याही पाहिजेत. हक्काच्या पैशाबद्दल विचारणा करायला संकोच कसला?

पण त्याआधी एक काम करा. तुमच्या गल्लीत, वाडीत, वस्तीवर यंदा बारावी झालेलं एखादं पोर असेलच. त्याला फॉर्म कधी सुरू होतो, शेवटची तारीख कोणती, कोणते दाखले आत्ताच काढून ठेवायचे, एवढं सांगा.

केळुसकरांनी तरी दुसरं काय केलं होतं?