देवघरातल्या लक्ष्मीचे चित्रकार

मैत्रिणींनो, कमळावर उभी असलेली चार हातांची लक्ष्मी तुमच्याही आजीच्या देवघरात असेल. आमच्या आजीने तर तसबिरीतल्या साडीला खरीखुरी जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. तेव्हा घरोघरी बायका हौसेने असं करायच्या. ही लक्ष्मी राजा रविवर्मा यांची. पण आपल्याकडे आली ती छापील, आणि ते छापणं त्यांना फार महागात पडलं.

केरळातल्या किळिमानूरला २९ एप्रिल १८४८ रोजी त्यांचा जन्म झाला. तैलरंगात त्यांचा हात असा बसला की १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी पुराणातल्या प्रसंगांची चौदा चित्रं काढली. ती बडोद्यात आणि मुंबईत मांडली, तेव्हा बघायला ही गर्दी! प्रत्येकाला वाटे, असं एक चित्र आपल्या घरी हवं.

पण द्यायचं कसं? कॅनव्हासवर हाताने नक्कल करायची तर वेळ फार, आणि ती परवडणार श्रीमंतांनाच. दिवाण टी. माधवराव (हे तंजावरकडचे मराठी घराणं बरं का!) यांनी १८८४ मध्येच सुचवलं होतं की चित्रं युरोपात पाठवून छापून आणा. रविवर्मांनी तिसराच मार्ग धरला. जर्मनीहून यंत्रं आणि तंत्रज्ञ आणून १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. भाऊ राजा राजा वर्मा सोबतीला होतेच.

ओलिओग्राफ म्हणजे सोपं काम नव्हे. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, त्यावर कारागिराने उलटं चित्र काढायचं आणि तोच कागद एकामागून एक दगडांवर दाबायचा. जरासा सरकला की देवीच्या ओठांचा रंग गालावर! शेवटी वॉर्निश, म्हणजे कागदही तैलचित्रासारखा चमकतो. मूळ चित्रातली त्वचेची नाजूक छटा मात्र त्यात उतरत नसे, हे मला तरी दोन्ही शेजारी पाहिल्यावर कळलं. तरीही ज्यांना देवळाची पायरी चढू देत नसत, त्यांच्या झोपडीत देव पोचला तो या कागदावरूनच. माझ्या मते हे मोठं काम आहे.

व्यवहार मात्र जमला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, कर्ज वाढलं. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथेही तोटाच. अखेर चित्रांच्या हक्कांसकट तो श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. १९०५ मध्ये भाऊ गेला, आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरलाच रविवर्माही गेले.

मळवलीतली छपाई पुढेही कितीतरी वर्षं चालली, त्यांच्याच नावाने. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत तो छापखाना जळून गेला.